आखाड्यावरचा रेडिओ: ‘वेदर अलर्ट’च्या बटणाचे पैसे देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या शेडवर, मुक्कामी असतात, मुलगा पुण्यात नोकरीला. पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस जाते, मोबाईलची रेंज येते-जाते, शेजारच्या शिवारात वीज पडून बैल गेलेला. ऑनलाइन खिशात मावणारे ‘वेदर अलर्ट’ रेडिओ दिसतात आणि वादळाच्या आधी ते आपोआप वाजतात असं त्यांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

रेडिओ जरूर घ्या, पण त्या बटणासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. ते बटण आपल्याकडे चालत नाही. मी रेडिओ दुरुस्तीचं काम करतो आणि असे संच माझ्या टेबलावर ‘बिघडलाय’ म्हणून येतात. उघडून बघावं तर संच ठणठणीत असतो. त्याला ऐकायला काही नसतं, एवढंच.

हे संच मुळात अमेरिकेसाठी बनलेले असतात. तिथं सरकारी हवामान खात्याची वेगळी रेडिओ सेवा आहे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सात ठरलेल्या फ्रिक्वेन्सी आहेत आणि त्यांवर चोवीस तास फक्त हवामान सांगितलं जातं. धोका असला की केंद्रातून आधी एक सांकेतिक संदेश आणि १०५० हर्ट्झचा सूर सोडतात. तो कानावर पडला की झोपलेला संच जागा होतो आणि ओरडायला लागतो. व्यवस्था फार चांगली आहे, पण तिला पलीकडून बोलणारं केंद्र लागतं. भारतीय हवामान विभाग या पट्ट्यात कसलंही प्रक्षेपण करत नाही. त्यामुळं इथं ‘डब्ल्यूबी’ (वेदर बँड) किंवा ‘अलर्ट’चं बटण दाबलं की नुसती सूं ऐकू येते. वडील त्या बटणाच्या भरवशावर झोपले तर धोका उलट वाढतो, कारण संच गप्प आहे म्हणजे आभाळ मोकळं आहे असं त्यांना वाटेल.

म्हणून कामं वेगळी करा. झोपेतून उठवायचं, ‘आता आत व्हा’ म्हणून सांगायचं काम फोनचं. टॉवर बंद पडल्यावर, फोनची बॅटरी संपल्यावर जगाशी जोडून ठेवायचं काम रेडिओचं. एकाच यंत्रानं दोन्ही कामं करावीत हा आग्रह सोडला की निवड एकदम सोपी होते.

आधी फोनचं उरकून घेऊ, कारण ते फुकट आहे आणि आज संध्याकाळी होण्यासारखं आहे. २०२३ मध्ये देशभरात अनेकांच्या फोनवर मोठ्यानं भोंगा वाजून चाचणीचा संदेश आला होता, तो तुम्हालाही आठवत असेल. ते सेल ब्रॉडकास्ट. टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश टाकतो. त्याला इंटरनेट लागत नाही, नंबर नोंदवावा लागत नाही, आणि गर्दीच्या वेळी साधे मेसेज अडकतात तसा तो अडकत नाही. वडिलांच्या स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ असं शोधा आणि तिथली सगळी बटणं चालू आहेत का ते बघा. चाचणीच्या भोंग्याला घाबरून पुष्कळांनी ती बंद करून टाकलीत. त्याच्या जोडीला ‘दामिनी’ ॲप टाका. ते पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलंय. वीज कुठं पडतेय हे टिपणारी केंद्रं देशभर बसवलेली आहेत आणि तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा आहेत का ते त्यावर दिसतं. त्याला लोकेशन आणि डेटा दोन्ही लागतं. फोनच्या बॅटरी बचतीच्या यादीतून ‘दामिनी’ वगळा. नाहीतर रात्री फोनच त्याला झोपवून टाकतो.

वडिलांकडं साधा बटणांचा फोन असेल तर ‘दामिनी’ चालणार नाही. मग ते ॲप तुमच्या फोनवर ठेवा, ठिकाण औंढ्याचं बघत जा आणि धोका दिसला की फोन करा. जोडीला शेजारच्या आखाड्यावरच्या एखाद्या तरुण पोराचा नंबर घेऊन ठेवा, म्हणजे वडिलांचा फोन लागला नाही तर कुणीतरी बांधावरून हाक मारू शकेल.

आता रेडिओ. मराठवाड्यात रेडिओ निवडताना सगळ्यात आधी बघायचं ते मीडियम वेव्ह, म्हणजे संचावर ‘एमडब्ल्यू’ किंवा ‘एएम’ लिहिलेला पट्टा. दुकानदार एफएमचं कौतुक करतील, आणि शहरात ते खरंही आहे. पण एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते. मध्ये डोंगर आला, खोलगट भाग आला की ती संपली. नांदेडचं आकाशवाणी केंद्र १०१.१ वर, बीडचं १०२.९ वर, संभाजीनगरचं १०१.७ वर. शहरापासून लांब गेलात, बालाघाटच्या किंवा अजिंठ्याच्या रांगांच्या आड गेलात, की काटा कितीही फिरवा, नुसती खरखर. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून जाते. परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर आहे आणि औंढा तिथून काही फार लांब नाही, त्यामुळं तुमच्या वडिलांसाठी तेच पहिलं स्टेशन. रात्री तर मीडियम वेव्ह आणखी पसरते. वातावरणाचा जो थर दिवसा ही लहर शोषून घेतो तो सूर्य मावळल्यावर विरतो, आणि पुण्याचं ७९२, नागपूरचं ५८५ अशी लांबची केंद्रंही कानावर येऊ लागतात.

आणि इथंच ऑनलाइन संचांची दुसरी गोम आहे. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, आपल्याकडं ९ च्या. डिजिटल आकडे दाखवणारा संच जर १० च्या पायरीवर अडकलेला असेल तर तो १३०० वरून थेट १३१० वर उडी मारतो. परभणी मध्येच राहतं. आवाज येतो, पण फाटका, घशात अडकल्यासारखा, आणि माणूस संचाला दोष देतो. बऱ्याच संचांत ९ आणि १० बदलायची सोय असते. कधी मागं छोटा खटका असतो, कधी संच बंद ठेवून एखादं बटण दाबून धरावं लागतं. घेण्याआधी विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा. त्याला उत्तर येत नसेल तर काट्याचा, म्हणजे गोल चाकानं स्टेशन लावायचा संच घ्या. काट्याला ९ आणि १० चा काही फरक पडत नाही. वयस्कर माणसाला अंधारात चाचपडत लावायला तोच बराही पडतो.

खिशात मावावा हा हट्टही जरा ढिला करा. मीडियम वेव्ह पकडणारा अँटेना म्हणजे संचाच्या आत आडवी बसवलेली काळी फेराइटची कांडी, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. बाहेर ओढायची चकचकीत दांडी फक्त एफएमच्या आणि शॉर्ट वेव्हच्या कामाची. मीडियम वेव्हला तिचा उपयोग नाही. संच जितका छोटा तितकी कांडी आखूड, आणि कांडी आखूड म्हणजे लांबचं स्टेशन कमजोर. काडेपेटीएवढा संच शहरात ठीक. आखाड्यासाठी सदऱ्याच्या खिशात मावणार नाही पण पिशवीत सहज बसेल असा, तळहाताहून थोडा मोठा संच घ्या. त्याला स्पीकरही जरा मोठा मिळतो. पावसाचा पत्र्यावर मारा चालू असताना बातमी कळायला हवी असेल तर स्पीकर मोठाच लागतो.

बॅटरीचं माझं मत ठाम आहे: साधे पेन्सिल सेल घालता येतात असाच संच घ्या. आतली चार्जिंगची बॅटरी पहिल्या वर्षी उत्तम चालते, नंतर बसते, आणि नेमकी लाईट नसताना ती चार्ज कशानं करायची? पेन्सिल सेल औंढ्याच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. मध्यम आवाजात असा संच ३० ते ५० मिलीअँपिअर खातो. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण २००० मिलीअँपिअर-तासांचा साठा असतो, म्हणजे चाळीस तास तरी आरामात. पुराच्या चार-पाच दिवसांत बातम्यांपुरता लावला तर सेलची एकच जोडी पुरते. युएसबीनं चार्जही होतो आणि सेलवरही चालतो असा मिळाला तर फारच छान.

हँडल फिरवून चालणारे, वर सोलरची पट्टी असलेले संच आकर्षक दिसतात. त्या इवल्याशा पट्टीतून कडक उन्हातही फार थोडा करंट मिळतो, आणि तुम्हाला रेडिओची गरज असते ती नेमकी आभाळ भरून आलेलं असताना. हँडल फिरवणं शेवटचा उपाय म्हणून असू द्यावं, पण प्लास्टिकचे दाते असलेलं हँडल फार टिकत नाही. ब्लूटूथ, मेमरी कार्ड, रंगीत दिवे यांसाठी पैसे घालू नका. टॉर्च असेल तर उपयोगी आहे.

फोनमधल्या एफएमबद्दलही विचारतील कुणी. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांना फोनमधला एफएम रेडिओ चालू ठेवा असा सल्ला दिला होता, तो आपत्तीच्या काळात उपयोगी पडतो म्हणूनच. हेडफोनची वायर अँटेना म्हणून लावली की इंटरनेटशिवाय तो वाजतो. पण त्यावर मीडियम वेव्ह येत नाही, आणि फोनची बॅटरी बोलण्यासाठी राखायची असते. आकाशवाणीचं ॲपही चांगलं आहे, मात्र ते इंटरनेटवर चालतं. टॉवर गेला की तेही गेलं.

वापराबद्दल. मीडियम वेव्ह लावल्यावर संच आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. आतल्या कांडीच्या टोकाच्या दिशेनं स्टेशन असेल तर आवाज पडतो आणि काटकोनात आलं की उठतो. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज दबतो, म्हणून दाराजवळ किंवा खिडकीत ठेवा. एलईडी बल्ब, मोबाईलचा स्वस्त चार्जर, सोलरचा कंट्रोलर, मोटारीचा स्टार्टर या सगळ्यांची घरघर मीडियम वेव्हमध्ये शिरते. त्यांच्यापासून संच चार हात लांब ठेवला की निम्मी तक्रार मिटते. लाईट गेल्यावर तर ही घरघर आपोआप थांबते आणि स्टेशन जास्त स्वच्छ लागतं. मोसम संपला की सेल काढून ठेवा. माझ्याकडं येणाऱ्या मेलेल्या संचांत सगळ्यात जास्त संच सेल फुटून, पाणी गळून, पट्ट्या गंजून गेलेले असतात.

आता या साध्या मीडियम वेव्ह संचाचा एक उपयोग सांगतो जो जाहिरातीत कुणी लिहीत नाही. तो विजेचा पत्ता देतो. वीज चमकते तेव्हा तिच्यातून सगळ्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लहरी निघतात, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवर त्या जास्त जोरात असतात. काटा अगदी खाली, ५४० किलोहर्ट्झच्या आसपास, जिथं कुठलंच स्टेशन नाही अशा रिकाम्या जागी लावा आणि आवाज मध्यम ठेवा. आभाळ शांत असेल तर एकसारखी सूं ऐकू येते. विजा असतील तर तिच्यात ‘कडाड-खर्र’ असे तुटक फटके येतात. एक फटका म्हणजे कुठंतरी एक वीज. फटके मिनिटाला एखादा असताना वादळ लांब असतं. त्यांच्यातलं अंतर कमी होत गेलं, आवाज मोठा होत गेला, तर ते वाढतंय किंवा तुमच्याकडं सरकतंय. ढग डोक्यावर यायच्या आधी, गडगडाट कानावर यायच्या आधी हे कळतं. गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढून ऐकूच येत नाही, आणि ही खरखर त्याच्या कितीतरी पलीकडून येते.

यात तीन गोष्टी नीट समजून घ्या. एक, हे एफएमवर होत नाही, कारण एफएम संच अशी खरखर गाळूनच टाकतो. दोन, हा उपाय दिवसाच चांगला. मघाशी सांगितलेल्या त्याच कारणानं रात्री शेकडो किलोमीटरवरच्या विजांची खरखरही पोचते आणि जवळचं-लांबचं कळत नाही. सुदैवानं आपल्याकडची वळवाची वादळं बहुतेक दुपारनंतर, संध्याकाळच्या आत उठतात. तीन, एकसुरी, न थांबणारी घरघर म्हणजे वीज नव्हे, ती जवळच्या चार्जरची किंवा तारांची असते. वीज तुटक आणि अनियमित वाजते. एप्रिल-मेमध्ये वळीव पडत असताना वडिलांना चार-पाच दुपारी ऐकवा, कान तयार होतो. यावरून वादळ किती किलोमीटरवर आहे हे मात्र ठरवू नका, आणि खरखर नाही म्हणून फोनवरच्या इशाऱ्याकडं दुर्लक्ष करू नका.

एकदा गडगडाट कानावर आला की सगळी यंत्रं बाजूला ठेवायची. चमकणं आणि आवाज यांत दर तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. पण मोजत उभं राहायचं नाही, ऐकू आला म्हणजेच आपण टप्प्यात आहोत. झाडाखाली थांबायचं नाही, जनावरंही झाडाला बांधायची नाहीत. शेडचे लोखंडी खांब, तारेचं कुंपण, विहिरीवरची मोटार आणि पाईप यांपासून दूर राहायचं. पक्क्या घरात जाता आलं तर उत्तम. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही. सेलवर चालणारा रेडिओ घरात लावायला काही हरकत नाही. चार्जिंगला लावलेला मात्र हातात धरू नका. बाहेरून तार ओढून अँटेना लांबवायची सवय काही जुन्या लोकांना असते. पावसाळ्यात ती तार काढूनच टाका. विजेला घरात यायची ती वाट होते.

रेडिओवरचा अंदाज ऐकायचाही सराव लागतो. हवामान विभागानं महाराष्ट्राचे चार भाग केलेत: कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. मराठवाडा म्हटलं की आठही जिल्हे आले. पण हिंगोली विदर्भाला लागून असल्यानं वडिलांनी विदर्भाचा अंदाजही कान देऊन ऐकावा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पाऊस थोडा असं नव्हे. भागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी, एवढाच त्याचा अर्थ. ज्या शिवारावर तो पडेल तिथं धो-धो पडू शकतो. ‘जोरदार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढं, ‘अति जोरदार’ ११५.६ पासून, आणि २०४.४ च्या वर गेला की ‘अत्यंत जोरदार’. इशाऱ्याला रंगही असतो: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. लगेच येणाऱ्या वादळाचा इशारा वेगळा असतो. तो जिल्हावार, पुढच्या तीन तासांपुरता निघतो आणि आधी फोनवरच येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. फवारणी करायची का, सोयाबीन कापून सुडी लावायची का, हे ठरवायला तो फार उपयोगाचा.

पुराचं वेगळं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात नद्यांनी पिकासकट माती खरवडून नेली. अशा वेळी आपल्या शिवारावर किती पाऊस पडला यापेक्षा वरच्या धरणातून किती पाणी सोडलं हे कळणं जास्त मोलाचं. पूर्णेच्या काठी असाल तर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेकडं इसापूर, गोदावरीकाठी जायकवाडी. बातम्यांत या नावांच्या पुढं ‘क्युसेक’चा (दर सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्याचा) आकडा आला की वडिलांनी आधीचा आकडा आठवायचा. वाढतोय की उतरतोय, एवढं कळलं तरी मोटार आणि जनावरं वेळेवर वर काढता येतात. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. तो रेडिओच्या पाठीवर चिकटवून ठेवा.

संच घेताना जमलं तर हिंगोलीत किंवा परभणीत दुकानातून घ्या आणि ‘आखाड्यावर लागला नाही तर बदलून द्याल ना’ हे आधी ठरवा. दुकानात लागतो तो लोखंडी शटरच्या आड, तारांच्या गर्दीत. शेतात त्याहून बरा लागतो. तरी खात्री शेतातच करा, भर दुपारी, कारण दुपारी मीडियम वेव्हचा टप्पा सगळ्यात कमी असतो. तेव्हा १३०५ नीट लागलं तर रात्रीची काळजी नाही. काट्याचा संच असेल तर परभणी जिथं लागतं तिथं तबकडीवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, आणि खाली ५४० पाशी विजेच्या खरखरीसाठी दुसरा, वेगळ्या रंगाचा.